एम. एस. ऑर्थो घेऊ का? विट्याच्या एका इंटर्नला उत्तर

विट्याच्या एका मुलीनं विचारलंय. इंटर्नशिप संपत आलीय. नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेशपरीक्षेचा, रँक असा आलाय की शासकीय कॉलेजात ऑर्थो, म्हणजे हाडांच्या शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण, मिळेल, मेडिसिन काठावर आहे आणि रेडिओलॉजी मिळणार नाही. तिला स्वतःला ऑर्थो आवडतं. घरचे म्हणतात, हाडांचं काम बाईमाणसाचं नव्हे. सीनियर म्हणतात, पहिलं वर्ष नुसती हमाली, चाकू हातात मिळतच नाही. तिची उंची पाच फूट एक इंच आहे. ती विचारते, घेऊ का? आणि घेतलं तर पहिल्या वर्षात लक्ष कशाकडे देऊ?

मी सांगलीत चोवीस वर्षं हाडांची प्रॅक्टिस करतोय आणि आठवड्यातले दोन दिवस रेसिडेंट, म्हणजे हे पुढचं शिक्षण घेणाऱ्या, मुलांबरोबर ओपीडी आणि ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) असतो. माझी स्वतःची रेसिडेन्सी एका शासकीय रुग्णालयात झाली. तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून 'तू'च म्हणतो.

आधी ताकदीचं मिटवून टाकू, कारण घरी जेवताना रोज तोच विषय निघत असणार. खांदा निखळलेला पेशंट आला की नवीन पोरं काय करतात? एक जण हात ओढतो, दुसरा काखेतून चादर घालून उलटा ओढतो आणि पेशंट कॅज्युअल्टी डोक्यावर घेतो. त्याच पेशंटला दुखणं कमी करणारं औषध देऊन पालथं झोपव, निखळलेला हात टेबलाच्या कडेवरून खाली सोड, मनगटाला चार-पाच किलो वजन बांध आणि पंधरा-वीस मिनिटं थांब. बऱ्याच वेळा सांधा आपला आपण बसतो. याला स्टिमसनची पद्धत म्हणतात. ओढलं की स्नायू आणखी आवळतो, आणि सावकाश वजन लावलं की दमून सोडतो. मांडीचं हाड मोडलं तर ओढायला फ्रॅक्चर टेबल आहे. खुबा निखळला तर भूल नीट मिळाली पाहिजे, कमरेला धरणारा माणूस जागेवर पाहिजे आणि आपण ट्रॉलीवर चढून उभं राहिलं पाहिजे. मी पाहिलेल्या रेसिडेंटमध्ये रिडक्शनला, म्हणजे निसटलेलं हाड जागेवर बसवायला, सगळ्यात हलका हात एका बारक्या अंगाच्या मुलीचा होता. ती ओढण्याआधी एक्सरेसमोर दोन मिनिटं उभी राहायची. हाड कुठल्या बाजूनं निसटलंय ते बघायची आणि त्याच वाटेनं त्याला माघारी आणायची. ओटीत तुला पायाखाली स्टूल लागेल. ते मागताना लाजू नकोस. टेबल उंच राहिलं तर कोपरं वर उचलून काम करावं लागतं आणि तासाभरात हात थरथरायला लागतो.

खरी अडचण निराळी आहे आणि ती तुझ्यापासून लपवणार नाही. काही ठिकाणी ऑर्थोच्या ड्युटी रूममध्ये मुलींची सोयच नसते. रात्री दोन वाजता पाठ टेकायला दुसऱ्या मजल्यावरच्या गायनॅकच्या रूममध्ये जावं लागतं. नातेवाईक तुला सिस्टर म्हणतील आणि तू प्लास्टर घालून संपवल्यावर विचारतील, "मोठे डॉक्टर कवा येणार?" पहिल्या सहा महिन्यांत याचा त्रास होतो. सोयीचं म्हणशील तर विभागप्रमुखांना लेखी दे, तोंडी सांगू नकोस. बाकीचं तुझ्या हाताचं काम बघून कमी होत जातं. पूर्ण जात नाही.

आता हमालीचं. पहिल्या वर्षात काय असतं ते सांगतो. पहाटे उठून ड्रेसिंग, आठला राउंड, त्याआधी सगळ्यांचे एक्सरे आणि रिपोर्ट लावून ठेवायचे, मग ओपीडी नाहीतर ओटी. इमर्जन्सी ड्युटीचा कॉल डे असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अंगावरचे कपडे तेच. रक्ताच्या पिशव्यांची धावपळ, एमएलसीचे म्हणजे पोलीस केसचे कागद, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मंजुरी. त्यासाठी रेशनकार्ड, आधी-नंतरचे एक्सरे आणि फोटो हे सगळं रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राकडे वेळेत पोचवायचं. कागद अडला की इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायची सळी-पट्टी, अडतं, इम्प्लांट अडलं की ऑपरेशन पुढे जातं, आणि पेशंट मात्र ट्रॅक्शनवर, म्हणजे पायाला वजन लावून, तसाच पडून राहतो. म्हणून या कामाला मी हमाली म्हणत नाही. मंजुरी लवकर आणणारा रेसिडेंट त्या पेशंटचे चार दिवस वाचवतो.

आणि प्लास्टर. पहिल्या वर्षाची खरी शाळा प्लास्टर रूममध्ये भरते आणि तिथले मास्तर बहुतेक वेळा प्लास्टरवाले मामाच असतात. मी पहिल्या आठवड्यात मनगटाला स्लॅब लावत होतो. पेशंट ज्याला कच्चं प्लास्टर म्हणतात, ते. मामांनी माझा हात धरला. म्हणाले, "डॉक्टर, बोटं लावू नका, तळवा लावा." ओल्या प्लास्टरवर बोट टेकलं की आत खड्डा पडतो. प्लास्टर वाळलं की तो खड्डा उंचवटा होऊन कातडीला टोचत राहतो आणि दहा दिवसांनी उघडलं की खाली जखम निघते. तीस वर्षांच्या नोकरीतलं हे शहाणपण मला एका वाक्यात मिळालं. नंतर मी रोज अर्धा तास आधी तिथं जाऊन बसायला लागलो. स्लॅबचं माप चांगल्या हातावर घ्यायचं, दुखऱ्या हातावर नाही. हाताला आठ-दहा पदर, पायाला बारा ते सोळा. पाणी साधं किंवा कोमट. लवकर सुकावं म्हणून गरम पाणी घेतलंस तर प्लास्टर आळताना जी उष्णता निघते ती वाढते आणि कातडी भाजते. बादलीत बुडवल्यावर बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरायचा. घोटा, टाच, नडगीशेजारच्या बारीक हाडाचं (फिब्युलाचं) डोकं, जिथं जिथं हाड कातडीच्या लगेच खाली आहे तिथं कापूस जास्त. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला नस हाडाला वळसा घालून जाते. तिथं प्लास्टरची कड दाबली तर पाऊल वर उचलत नाही. हे पुस्तकात आहे, पण कापूस किती म्हणजे किती हे पुस्तक सांगू शकत नाही.

आता जे सांगणार आहे ते मी प्रत्येक बॅचला सांगतो, आणि दर वेळी सांगताना जड जातं.

पहिल्या वर्षाचा नववा महिना होता. उसाचा हंगाम. बीडकडून टोळीबरोबर आलेला पंचविशीतला एक मुलगा ट्रॉलीवरून पडला, नडगीचं हाड मोडलं, कातडी फुटली नव्हती. संध्याकाळी सातला मी मांडीपासून स्लॅब लावला. स्लॅब चांगला होता, वरचं बँडेज मी कडक आवळलं होतं. अकराला सिस्टरांचा फोन आला, पेशंट कळवळतोय. मी फोनवरच इंजेक्शन सांगितलं. एकला परत फोन. तेव्हा मी कॅज्युअल्टीत दुसऱ्या अपघातात अडकलो होतो. विचारलं, बोटं गरम आहेत का? आहेत. नाडी लागते का? लागते. म्हटलं, मग काळजी नाही. साडेतीनला वॉर्डात गेलो. पोरगा उशी दातात धरून पडला होता. त्याची बायको पायाशी बसलेली. मी अंगठा हलकेच खाली वाकवला, तर तो अर्धा उठून बसला. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात हात लावलेला त्याला कळत नव्हता. प्लास्टर पूर्ण उघडलं, तर नडगीच्या बाहेरचा भाग लाकडासारखा कडक.

हा कंपार्टमेंट सिंड्रोम. पायाचे स्नायू न ताणणाऱ्या पिशव्यांत बसवलेले असतात. आत रक्त उतरलं, सूज आली, वरून बँडेज आवळलेलं असलं की पिशवीतला दाब वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्या मिटतात. मोठी धमनी मात्र वाहत राहते. म्हणून नाडी लागते आणि बोटंही गरम राहतात. नाडी जाईपर्यंत थांबलं तर स्नायू मेलेला असतो. साधारण सहा तासांचा हिशेब असतो आणि त्यातले बरेचसे मी फोनवर घालवले होते. पहाटे पाचला सरांनी पिशव्या उघडल्या. पुढच्या बाजूचा स्नायू ठिकठिकाणी पांढरा पडला होता. चिमट्यानं धरला तरी आकसत नव्हता.

पाय वाचला, पाऊल मात्र लोंबतं राहिलं. दोन महिन्यांनी तो दाखवायला आला तेव्हा पट्टा बांधून चालत होता. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात आणि मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती त्या कोयत्याच्या नावावर. त्याचा कोयता मोडला होता, उचल फिटायची राहिली होती. तो मला एक शब्दही बोलला नाही. बायकोनं एवढंच विचारलं, "पाय पैल्यावानी हुईल का?"

तर फोन आला की उठायचं. औषध देऊनही दुखतंय, वाढतच चाललंय आणि बोट ताणलं की सहन होत नाही, तर प्लास्टर, बँडेज आणि आतला कापूससुद्धा कातडी दिसेपर्यंत कापायचा. पाय उशांवर उंच चढवायचा नाही, हृदयाच्या पातळीवर ठेवायचा. उंच केला तर जो काही रक्तपुरवठा उरलाय तोही कमी होतो. आणि सीनियरला त्याच क्षणी उठवायचं. ते चिडले तर चिडू देत. प्लास्टर उघडल्यामुळे हाड सरकलं तर ते परत बसवता येतं.

त्या हंगामानंतर मी शंभर पानी वही केली आणि रेसिडेन्सीत जे शिकलो त्यातलं निम्मं तिच्यात आहे. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ही वही. डाव्या पानावर पेशंटचं नाव, गाव, कुठलं हाड, तारीख, मी काय केलं, बसवल्यावर एक्सरे कसा दिसला. उजवं पान कोरं. ते पेशंट परत आल्यावर भरायचं. एका आठवड्यानं, दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी.

उजवी पानं भरायला लागली तेव्हा माझे डोळे उघडले. मनगटाची जी फ्रॅक्चर मी छान बसवली म्हणून सरांना दाखवली होती, त्यातली बरीच दुसऱ्या आठवड्यात परत मागं कललेली निघाली. कारण सोपं आहे. म्हातारपणी हाड मागच्या बाजूनं चुरडलेलं असतं, तिथं आधारच राहत नाही. आठ-दहा दिवसांत सूज उतरते, प्लास्टर सैल होतं आणि हाड आपल्या जुन्या जागेकडे घसरतं. पहिल्या दिवशीचा एक्सरे हे सांगत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यात एक्सरे काढला तर घसरलेलं परत बसवता येतं, नाहीतर तार घालता येते. पाचव्या आठवड्यात बघितलं तर हाड वाकडं जुळलेलं असतं आणि बाईंना भाकरी थापताना हात उताणा करता येत नाही. त्या वहीमुळे मी प्लास्टर तीन ठिकाणी तळव्यानं दाबून घडवायला शिकलो, आणि कुठलं मनगट प्लास्टरमध्ये टिकणार नाही हे पहिल्याच दिवशी ओळखायलाही शिकलो.

रेसिडेंटला हे सहसा दिसत नाही. तू सोमवारी प्लास्टर घालतेस, पेशंट पुढच्या सोमवारी येतो तेव्हा तू ओटीत असतेस आणि दुसराच कुणीतरी घाईत बघून 'चालू ठेवा' लिहितो. दोन-तीन महिन्यांनी युनिट बदलतं. तीन वर्षांत शेकडो हाडं बसवून, त्यांतलं एकही कसं जुळलं ते न बघता माणूस एम. एस. होऊ शकतो. मी असे झालेले बघितलेत. त्यांच्या हातात सफाई असते, पण आपलं कुठं चुकतं हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणून पेशंटच्या कागदावर तारीख घाल, आपला ओपीडीचा वार ठळक लिही, फोन नंबर घे. जत-आटपाडीहून येणाऱ्याचा एक रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं. त्याला 'आठ दिवसांनी या' म्हणून भागत नाही. का यायचं ते सांग. "हाड सरकलं तर याच आठवड्यात हातानं बसवता येईल, नंतर ऑपरेशन लागेल," एवढं सांगितलं की माणसं येतात.

चाकूचं विचारलंस. मिळतो. आधी जखम शिवणं, जुनी सळी किंवा तार काढणं, मग लहान मुलांच्या कोपराला तारा, मग घोटा, मग मांडीच्या हाडात रॉड. काही युनिटमध्ये लवकर मिळतो, काही ठिकाणी तिसऱ्या वर्षापर्यंत नुसता रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी धरणारं हत्यार, धरावा लागतो. रिट्रॅक्टर धरताना झोपू नकोस. ड्रिल करणाऱ्याच्या हाताकडे बघ आणि कान दे. हाडाची पहिली भिंत लागते तेव्हा आवाज जाडा असतो, पोकळीत गेल्यावर ड्रिल एकदम सुटल्यासारखं होतं, दुसऱ्या भिंतीला लागलं की आवाज परत भरतो आणि भिंत भेदण्याच्या क्षणभर आधी सूर चढतो. तिथं हात थांबला पाहिजे. नाही थांबला तर पलीकडं नस किंवा धमनी आहे. हा सूर मी वर्षभर नुसता ऐकला होता. म्हणून ज्या दिवशी ड्रिल हातात आलं त्या दिवशी ते पुढे धसलं नाही.

मांडीच्या हाडातून सळी घालण्याची पद्धत जर्मनीत क्युंचर यांनी 1939 च्या सुमारास सुरू केली. त्याआधी माणसं महिनोन्महिने वजन लावून पडून राहायची. आजही ट्रॅक्शन शिकल्याशिवाय राहू नकोस. ओटी रिकामी नसते, पेशंटची छाती खराब असते, कागद अडलेले असतात. मांडीच्या बंद फ्रॅक्चरमध्ये आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त जातं. थॉमस स्प्लिंट, म्हणजे पाय ताणून धरणारी लोखंडी चौकट, नीट बांधलं तर दुखणंही थांबतं आणि रक्तस्रावही आटोक्यात राहतो. ट्रॅक्शनसाठी गुडघ्याखाली पिन घालायची तर बाहेरच्या बाजूनं आत घाल, म्हणजे ती वळसा घेणारी नस तुझ्या डोळ्यांसमोर सुरक्षित राहते.

आपल्या भागाबद्दल थोडं, कारण ऑर्थो शिकायला सांगली-मिरज, कराड हा पट्टा चांगला आहे असं मला मनापासून वाटतं. मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय सुरू केलं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 चं. तेव्हापासून अथणी, चिकोडी, विजापूरकडची माणसंसुद्धा इकडे ऑपरेशनला येतात. चार कानडी शब्द शिकून घे. कै म्हणजे हात, कालु म्हणजे पाय, नोवु म्हणजे दुखणं. रात्री तीन वाजता तेवढ्यावर तपासणी होते. हंगामात बिनरिफ्लेक्टरच्या उसाच्या ट्रॉल्यांवर मागून आदळलेले मोटारसायकलवाले येतात. वैरणीच्या कुट्टी मशीनमध्ये हात गेलेल्या बायका येतात. त्यांची बोटं नातेवाईक फडक्यात गुंडाळून आणतात, कधी कधी थेट बर्फात घालून. थेट बर्फात घातलेलं बोट खराब होतं. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फात ठेवायला हवी. हे तू इंटर्न असतानाच गावात सांगायला सुरुवात कर.

उन्हाळ्याच्या सुट्टीत चिंचेवरून, जांभळीवरून पडलेली पोरं येतात, कोपराच्या वर मोडलेली. काही आधी हाडवैद्याकडे जाऊन येतात. हाताला लेप आणि बांबूच्या कामट्या करकचून बांधलेल्या, बोटं निळी. असा हात उशिरा सुटला तर पुढच्या हाताचे स्नायू आखडून बोटं कायमची मिटतात. एकोणिसाव्या शतकात फोल्कमान यांनी याचं वर्णन केलं, पण मी ते गेल्या दहा वर्षांतही बघितलंय. कामट्या सोडताना आईबापावर ओरडू नकोस. जवळ डॉक्टर नव्हता, रात्र होती, पोर रडत होतं, म्हणून ते तिकडे गेले. ओरडलीस तर पुढच्या वेळी ते तुझ्याकडे यायच्या आधी आणखी दोन ठिकाणी जातील. आणि कुठलाही मोडलेला हात हातात घेण्याआधी बोटांची हालचाल आणि संवेदना तपासून कागदावर लिही. दंडाच्या हाडाला लागून जाणारी नस आधीच गेली होती की तू बसवताना गेली, हे नंतर कुणालाही सांगता येत नाही.

आणि म्हाताऱ्या. न्हाणीघरात पाय घसरला, खुबा मोडला. मुलगा म्हणतो, "ऐंशीला टेकलीय, आता कशाला चिरफाड करताय?" यावर 'मग सही करा आणि घेऊन जा' असं म्हणणारे रेसिडेंट मी पाहिलेत. तसं करू नकोस. खुर्ची ओढून बस. सांग, ऑपरेशन चालण्यासाठी आहेच, पण त्याआधी उठून बसण्यासाठी आहे. बिनऑपरेशनची म्हातारी कुशीवर वळू शकत नाही, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात गुठळी होते आणि घरच्यांचे हाल होतात ते वेगळे. तब्येत झेपत असेल तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन व्हावं. अशी समजूत काढायला मला दहा मिनिटं लागतात आणि दहातले बरेच जण ऐकतात. तू मुलगी आहेस म्हणून सांगतो, म्हातारी जे पोराला सांगणार नाही ते तुला सांगेल.

सीआर्मबद्दल, म्हणजे ओटीतल्या फिरत्या एक्सरे मशीनबद्दल, हयगय नको. लेड ॲप्रन (शिशाचा) आणि गळ्याचं थायरॉइड कवच दर वेळी घाल. अंतर दुप्पट केलं की डोस चौथा हिस्सा होतो, म्हणून शूट करताना एक पाऊल मागं. किरणं सोडणारी ट्यूब टेबलाखाली ठेवायची. हात किरणांच्या वाटेत नाही म्हणजे नाही. अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा टीएलडी बॅज पहिल्या महिन्यात मागून घे. ॲप्रन शक्यतो स्वतःच्या मापाचा, दोन भागांचा आणि कमरेला पट्टा असलेला घे. सगळा भार खांद्यावर आला तर तिशीतच मान धरते. पुढे कधी दिवस गेले तर लवकर सांग. त्या काळात सीआर्मच्या कामातून बाजूला ठेवायला सांग.

प्रबंधाचं फार डोक्यात घेऊ नकोस. विषय असा घे की पेशंट तुझ्याच ओपीडीत परत येणारे असतील, म्हणजे वही आणि प्रबंध एकच होतात. तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावं लागतं. त्याला सुट्टी समजू नकोस, तिथं सीनियर शेजारी नसतो आणि ठरवायचं तुला असतं. जन्मतः वाकडी पावलं असलेल्या बाळांची ओपीडी जिथं असेल तिथं स्वतःहून जा. पोन्सेटीच्या पद्धतीनं दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाच-सहा प्लास्टरमध्ये पाऊल सरळ होत जाताना बघणं आणि आईला पुढची काही वर्षं बूट घालायला राजी करणं, ही परीक्षेची तयारीही आहे आणि त्याहून जास्तही.

तर घे का? ऑर्थो तुला आवडतं असं तू दोनदा लिहिलंयस, मेडिसिन आवडतं असं एकदाही नाही. घे.

कॉलेज निवडताना मात्र सीनियरला 'कटिंग किती मिळतं', म्हणजे स्वतःच्या हातानं ऑपरेशनं किती करायला मिळतात, एवढंच विचारू नकोस. चॉइस भरायला अजून दिवस असतील तर यादीतल्या पहिल्या दोन-तीन कॉलेजांत जाऊन ऑर्थोच्या ओपीडीत सकाळपासून बस. परत आलेला पेशंट कोण बघतंय ते बघ, ज्यानं ऑपरेशन केलं तो, की जो मोकळा असेल तो. जुना एक्सरे नव्या एक्सरेशेजारी लावून बघतात का? सर रेसिडेंटला विचारतात का, की हे तू बसवलं होतंस, आता कसं दिसतंय? प्लास्टर रूममध्ये डोकाव, मामा आहेत की जागा रिकामी पडलीय. रात्री प्लास्टर उघडायला सॉ (करवत) आणि स्प्रेडर (फाकवायचा चिमटा) वॉर्डात मिळतो की कुलपात असतो, तेही विचार. मुलींची ड्युटी रूम कुठल्या मजल्यावर आहे ते स्वतः चढून बघ. दुपारी दोनपर्यंत तुला कळेल, आणि संध्याकाळच्या गाडीनं विट्याला परत येता येईल.